वाचकांचे प्रश्न : मंदावलेला लॅपटॉप आणि खर्चाआधीची तपासणी

या वेळच्या टपालात आणि ईमेलमध्ये जुन्या लॅपटॉपविषयीची पत्रे इतकी आली आहेत की हे संपूर्ण सदर त्याच विषयाला द्यावे लागले. बहुतेक पत्रांत 'काय बदलून घेऊ?' अशी विचारणा आहे. लॅपटॉप नेमका कुठे अडतो, हे मात्र फार थोड्या वाचकांनी पाहिलेले दिसते. ते पाहायला पैसे लागत नाहीत आणि फारसा वेळही लागत नाही. म्हणून उत्तरे देताना आधी तपासणी आणि मग खर्च, असा क्रम ठेवला आहे.

प्रश्न : माझा लॅपटॉप २०१७ मध्ये घेतलेला आहे. आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि १ टीबी हार्ड डिस्क आहे. सकाळी बटण दाबले की माझा चहा करून, पिऊन होतो, तेव्हा कुठे तो वापरण्याजोगा होतो. दोनदा फॉरमॅट करून घेतला. पंधरवडाभर बरा चालतो, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. दुकानदार म्हणतात, आता नवाच घ्या. मला पेन्शनची कामे, ईमेल, मुलांशी व्हिडिओ कॉल आणि थोडे मराठी टंकलेखन इतकेच लागते.
— सेवानिवृत्त शिक्षिका, सांगली

उत्तर : निदान एक तपासणी होईपर्यंत तरी नवा लॅपटॉप घेण्याची घाई करू नये. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. लॅपटॉप सुरू केल्यावर, तो रखडलेला असतानाच, हे करावे. खिडकी लहान उघडली तर खाली 'मोअर डिटेल्स' असे दिसेल, त्यावर क्लिक करावे. वर सीपीयू, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क असे चार रकाने दिसतात आणि प्रत्येकाखाली टक्केवारी असते. आपल्याकडे सीपीयूखाली वीस-पंचवीस टक्के आणि डिस्कखाली गडद रंगात १०० टक्के असे दिसेल, असा माझा अंदाज आहे. तसे असेल तर प्रोसेसर बिचारा रिकामा बसून आहे आणि सगळे डिस्कपाशी तुंबले आहे, असा त्याचा अर्थ.

असे का होते, ते थोडे सविस्तर सांगतो, कारण हे कळले की फॉरमॅटचा फायदा पंधरवड्यातच का विरतो तेही कळते. त्या काळातल्या बहुतेक स्वस्त लॅपटॉपमधली हार्ड डिस्क मिनिटाला ५,४०० फेऱ्या घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेरीला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचणाऱ्या सुईखाली येण्यासाठी सरासरी अर्धी फेरी थांबावे लागते, आणि त्याआधी ती सुई योग्य वर्तुळावर सरकण्यात आणखी दहाएक मिलिसेकंद जातात. हिशेब केला तर अशी डिस्क सेकंदाला विखुरलेले साठ-सत्तर तुकडेच वाचू शकते. एखादा मोठा चित्रपट सलग वाचायचा असेल तर तिचा वेग सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास जातो आणि कुणाला तक्रार करायला जागा उरत नाही. परंतु विंडोज सुरू होताना हजारो लहान फायली डिस्कच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून हव्या असतात. तालुक्याच्या दप्तरखान्यात एकच शिपाई असावा आणि त्याला एकेक कागद आणण्यासाठी पुन्हा पुन्हा पाठवावे, तशी त्या डिस्कची गत होते. सॉलिड स्टेट ड्राइव्ह, म्हणजे सर्वजण ज्याला एसएसडी म्हणतात, तिच्यात फिरणारा भागच नसतो. तोच तुकडा तिला एका मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात किंवा त्याहूनही लवकर मिळतो.

२०१७ मध्ये हीच डिस्क बरी वाटत होती, कारण तेव्हा तिच्याकडून मागणी कमी होती. त्यानंतर विंडोजचे अपडेट मोठे होत गेले, अँटिव्हायरसची पार्श्वभूमीवरील तपासणी वाढली, शोधासाठी फायलींची सूची बनवण्याचे काम चालू राहिले आणि प्रत्येक प्रोग्रामने स्वतःचा एकेक अपडेटर सुरुवातीलाच चालू होण्याच्या यादीत घुसवला. फॉरमॅट केल्यावर हे सगळे काही दिवस गप्प असते. अपडेट उतरले आणि प्रोग्राम पुन्हा बसवले की डिस्कवर तोच भार येतो.

आणखी एक गोष्ट पाहून घ्यावी. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा एक लहानसा, विनामूल्य प्रोग्राम डिस्कची प्रकृती दाखवतो. निळ्या पट्टीत 'गुड' असे आले तर ठीक. पिवळ्या पट्टीत 'कॉशन' आले, आणि विशेषतः 'रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर्स' किंवा 'करंट पेंडिंग सेक्टर' या ओळी ठळक झालेल्या दिसल्या, तर डिस्कवरच्या काही जागा वाचता येईनाशा झाल्या आहेत आणि ती त्याच जागा पुन्हा पुन्हा वाचण्याचा प्रयत्न करत आहे. अशा वेळी डिफ्रॅग (डिस्कवरचे विखुरलेले तुकडे सलग मांडणे) किंवा डिस्क दुरुस्तीचा आदेश चालवू नये, कारण मरणपंथाला लागलेल्या डिस्कला त्याने आणखी ताण बसतो. आधी फोटो, कागदपत्रे आणि पेन्शनसंबंधीच्या सगळ्या फायली बाहेर काढून घ्याव्यात.

आता उपाय. आपल्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची, साटा नावाच्या जोडणीची डिस्क असणार. तिच्या जागी त्याच आकाराची, ७ मिलिमीटर जाडीची एसएसडी तेच स्क्रू आणि तीच जोडणी वापरून बसते. साटाची एसएसडी सेकंदाला ५५० एमबीपर्यंत जाते. त्याहून वेगवान एनव्हीएमई प्रकारच्या पट्ट्या बाजारात आहेत, परंतु आपल्या लॅपटॉपमध्ये त्यांच्यासाठी खाच असेलच असे नाही, आणि आपल्या कामात त्या दोहोंतला फरक जाणवणारही नाही. क्षमता २५० जीबीच्या आसपासची पुरे. १ टीबी होती म्हणून १ टीबीच हवी, असा आग्रह धरू नये. बहुतेकांच्या १ टीबी डिस्कवर साठ-सत्तर जीबीच भरलेले असते. जुनी डिस्क धडधाकट असेल तर टाकून न देता यूएसबीच्या डबीत घालून घ्यावी आणि फोटोंच्या दुसऱ्या प्रतीसाठी वापरावी.

डिस्क बदलताना दोन मार्ग असतात. जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत नव्या डिस्कवर उतरवता येते, किंवा विंडोज नव्याने बसवता येते. आपल्या लॅपटॉपचे दोनदा फॉरमॅट झालेले असल्यामुळे आणि त्यात काय काय घुसले आहे याची खात्री नसल्यामुळे मी नव्याने बसवण्याच्या बाजूचा आहे. त्यासाठी विंडोजचा नवा परवाना विकत घ्यावा लागत नाही. लॅपटॉपसोबत आलेला परवाना डिस्कशी नव्हे, तर मदरबोर्डशी जोडलेला असतो, आणि तीच आवृत्ती बसवली की इंटरनेट जोडल्यावर तो आपोआप ओळखला जातो. दुकानदार मूळच्या 'होम' आवृत्तीऐवजी 'प्रो' घालून वर परवाना चुकवणारा कसलासा अ‍ॅक्टिव्हेटर चालवून देत असेल, तर नम्रपणे नको म्हणावे. पेन्शन आणि बँक ज्या यंत्रावर उघडायची, तिथे असले प्रकार नकोत. लॅपटॉपबरोबर ऑफिस मिळाले असेल तर ते ज्या ईमेल पत्त्यावर नोंदवले होते तो आठवून ठेवावा, कारण पुन्हा बसवताना त्याच पत्त्याने आत जावे लागते.

एक इशारा, जो दुकानात कुणी देत नाही. पुष्कळांची समजूत अशी असते की आपल्या फायली 'डी ड्राइव्ह'मध्ये सुरक्षित आहेत. प्रत्यक्षात डेस्कटॉपवर ठेवलेले, 'डाउनलोड्स'मध्ये उतरलेले आणि 'डॉक्युमेंट्स'मध्ये जतन केलेले सारे 'सी ड्राइव्ह'वरच असते आणि फॉरमॅटमध्ये तेच पहिले जाते. लॅपटॉप देण्यापूर्वी हे तीन फोल्डर स्वतः उघडून पाहावेत, आणि ब्राउझरमध्ये जतन केलेले पासवर्ड कागदावर नाही तरी खात्याशी जोडलेले आहेत ना, याची खात्री करावी.

रॅमची दुसरी खाच रिकामी असेल तर त्याच वेळी आणखी ४ किंवा ८ जीबी बसवून घ्यावी. लॅपटॉप एकदाच उघडला जातो. एवढे केल्यावर आपण सांगितलेल्या कामांना तो अजून काही वर्षे सहज पुरेल. अर्थात व्हिडिओ कॉल चालू असताना दहा पाने उघडी ठेवली तर तो दमेल, कारण दोन कोअरचा प्रोसेसर काही बदलत नाही.

प्रश्न : मी डीटीपीची कामे करतो. लग्नपत्रिका, कार्यअहवाल, स्थानिक दिवाळी अंक. लॅपटॉपमध्ये एसएसडी टाकून घेतली, सुरू पटकन होतो, पण कोरल ड्रॉ उघडायला अजून वेळ लागतो आणि फोटोशॉप सोबत उघडले की सगळेच अडकते. रॅम ४ जीबी आहे, विंडोज ३२ बिट आहे. रॅम कोणती आणि किती घालू?
— एक डीटीपी व्यावसायिक, बार्शी

उत्तर : आपल्या प्रश्नाच्या शेवटच्या ओळीतच अर्धे उत्तर आहे. ३२ बिट विंडोज ४ जीबीपेक्षा जास्त रॅम वापरूच शकत नाही, आणि त्या चारांतलीही काही हार्डवेअरसाठी राखली गेल्यामुळे हाती सव्वातीन-साडेतीन जीबीच येते. तेव्हा ६४ बिट विंडोज बसवल्याशिवाय रॅमवर एक रुपयाही खर्च करू नये. आपण ३२ बिट कशासाठी ठेवले असेल, हे मी ओळखू शकतो. पेजमेकर किंवा जुना मराठी फॉन्टसंच त्यावरच चालतो, असे कुणीतरी सांगितले असणार. ३२ बिटांचे बहुतेक प्रोग्राम ६४ बिट विंडोजवर चालतात. अडचण येते ती जुन्या डोंगलच्या, म्हणजे फॉन्टसंच चालण्यासाठी लॅपटॉपला जोडाव्या लागणाऱ्या किल्लीच्या, ड्रायव्हरची. म्हणून बदल करण्यापूर्वी आपल्या फॉन्टसंचाच्या विक्रेत्याकडे ६४ बिटांसाठीचा ड्रायव्हर आहे का, एवढे विचारून घ्यावे.

रॅमविषयीची माहिती पाहण्यासाठी टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स' आणि त्यात 'मेमरी' उघडावे. उजवीकडे खाली वेग आणि किती खाचांपैकी किती भरल्या आहेत, ते दिसते. डीडीआर-थ्री आणि डीडीआर-फोर यांच्या पट्ट्यांवरची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही. डीडीआर-थ्रीमध्येही एक मेख आहे. साधी पट्टी १.५ व्होल्टवर चालते आणि 'एल' अक्षर लावलेली १.३५ व्होल्टवर. इंटेलच्या चौथ्या पिढीतील कमी विजेवर चालणारे प्रोसेसर असलेल्या लॅपटॉपना 'एल' प्रकारचीच लागते. दुकानात जुन्या मालातून साधी पट्टी गळ्यात मारली जाते, लॅपटॉप सुरूच होत नाही, आणि खापर मदरबोर्डवर फुटते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा आपल्या गावात कुठेही घ्या, जुनी पट्टी काढून सोबत न्यावी आणि तिच्यावरच्या लेबलाशी ताडून पाहावी. किती घ्यायची, तर कोरल आणि फोटोशॉप एकत्र उघडायचे असल्यास एकूण ८ जीबी ही किमान पायरी समजावी. १२ किंवा १६ झाल्यास उत्तम. जुनी ४ आणि नवी ८ अशी जोडी चालते. लॅपटॉपला वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल तर पडद्यावरचे चित्रही याच रॅममधून जागा घेते, हेही लक्षात असू द्यावे.

कोरल उघडायला लागणाऱ्या वेळाचे कारण मात्र बहुधा दुसरेच आहे, आणि ते आपल्या व्यवसायात घरोघरी सापडते. विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमध्ये किती फॉन्ट आहेत, ते मोजून पाहावे. ग्राहकाने पेन ड्राइव्हवर आणलेले, इंटरनेटवरून उतरवलेले, प्रत्येक नव्या संचाबरोबर आलेले, असे हजार-दोन हजार फॉन्ट तिथे साठलेले असतात आणि प्रोग्राम उघडताना त्या सगळ्यांची यादी करत बसतो. रोजच्या वापराचे शंभर-दीडशे ठेवून बाकीचे एका साध्या फोल्डरमध्ये हलवावेत आणि लागेल तेव्हा बसवावेत. काढण्यापूर्वी सगळ्यांची प्रत ठेवावी, कारण युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये केलेली जुनी फाईल तो विशिष्ट फॉन्ट नसेल तर इंग्रजी अक्षरांचा नुसता गोंधळ दाखवते, आणि चार वर्षांपूर्वीची पत्रिका पुन्हा मागायला ग्राहक नेमका तेव्हाच येतो.

प्रश्न : माझा लॅपटॉप पाच वर्षांचा आहे. एसएसडी आहे, रॅम ८ जीबी आहे. सुरू केल्यावर दहा मिनिटे झकास चालतो, मग टायपिंगसुद्धा अडखळते. थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा ठीक. व्हायरस असेल का?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, चंद्रपूर

उत्तर : व्हायरस घड्याळ लावून दहा मिनिटांनी येत नाही. ही लक्षणे उष्णतेची आहेत, आणि आपल्या जिल्ह्यात जिथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो तिथे तर ती अपेक्षितच म्हणायला हवीत. प्रोसेसर ठरावीक तापमानाला पोचला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. इंटेलच्या लॅपटॉपमधील पुष्कळ प्रोसेसरांसाठी ही मर्यादा १०० अंश सेल्सिअस असते. लॅपटॉप अडखळू लागला की टास्क मॅनेजरमधील 'परफॉर्मन्स'खाली सीपीयूचा 'स्पीड' पाहावा. सुरुवातीला अडीच-तीन गिगाहर्ट्झ दाखवणारा आकडा एकाच्याही खाली आला असेल तर निदान झाले. एचडब्ल्यूइन्फो या विनामूल्य प्रोग्राममध्ये तापमान थेट अंशांत दिसते आणि उष्णतेमुळे वेग रोखला गेला का, याचीही नोंद असते.

पाच वर्षांत पंख्याच्या पात्यांवर धूळ बसते हे सर्वांना ठाऊक असते, पण खरा अडथळा पंख्यात नसतो. पंखा जिथून गरम हवा बाहेर ढकलतो तिथे तांब्याच्या नळीला जोडलेली बारीक पत्र्यांची जाळी असते, आणि पंखा व जाळी यांच्या मध्ये धूळ, केस आणि कपड्यांचे तंतू मिळून नमद्यासारखा एक थर तयार होतो. बाहेरून ब्रश फिरवला किंवा फुंकर मारली तर तो हलत नाही. मागचे झाकण काढून, पंखा सोडवून तो थर चिमट्याने उचलावा लागतो. आपण स्वतः उघडणार असाल तर आधी बॅटरीची जोडणी काढावी, आणि हवेचा झोत मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा, नाहीतर तो भरमसाट वेगाने फिरून खराब होतो. घरचा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नये, कारण त्याच्यामुळे स्थिर विद्युत निर्माण होते. सफाईबरोबर प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट, म्हणजे उष्णता वाहून नेणारा लेपही, नवी लावून घ्यावी. ती वाळून खडबडीत झालेली असेल. कोकणातून अशीच तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी पंख्याचे बेअरिंगही पाहायला सांगतो, कारण खाऱ्या दमट हवेत ते गंजून पंखा कुरकुरत, अर्ध्या वेगाने फिरतो.

पाहण्यासारख्या आणखी दोन गोष्टी आहेत. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवून वापरत असाल तर हवा आत घेणारी खालची छिद्रे बंद होतात. आणि मूळ चार्जर बिघडल्यावर ६५ वॉटऐवजी ४५ वॉटचा स्वस्त चार्जर घेतला असेल तर काही लॅपटॉप तो ओळखून प्रोसेसरचा वेग मुद्दाम खाली ठेवतात. तिथे कितीही सफाई केली तरी उपयोग होत नाही. सफाईसाठी झाकण उघडाल तेव्हा बॅटरीकडेही नजर टाकावी. ती फुगलेली दिसली, किंवा टचपॅड वर उचललेला वाटला, तर लॅपटॉपचा वापर त्याच क्षणी थांबवावा. बॅटरीला टोचून किंवा दाबून पाहू नये. ती पेट घेऊ शकते.

प्रश्न : दर आठवड्याला टेम्प आणि प्रीफेचच्या फायली पुसतो, क्लीनर चालवतो, रजिस्ट्री साफ करतो, दोन अँटिव्हायरस आहेत, रोज रात्री लॅपटॉप न चुकता बंद करतो. तरी वेग वाढत नाही. आणखी काय करू?
— दुकानदार, अकोला

उत्तर : आणखी काही करू नका. जे करत आहात त्यातले बरेचसे सोडून द्या. प्रीफेचमधल्या नोंदी विंडोज प्रोग्राम लवकर उघडता यावेत म्हणूनच ठेवते. त्या पुसल्या की पुढची सुरुवात उलट हळू होते. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंगची नोंदवही, साफ केल्याने वेगात मोजता येईल असा फरक पडत नाही आणि चुकीची नोंद गेली तर विंडोज बिघडते. रजिस्ट्री साफ करणाऱ्या प्रोग्रामना मायक्रोसॉफ्टचाही पाठिंबा नाही. दोन अँटिव्हायरस प्रत्येक फाईल दोनदा तपासतात आणि एकमेकांवरही संशय घेतात. एक काढून टाका. विंडोजमध्ये मुळातच असलेला डिफेंडर आपल्या कामाला पुरतो. क्लीनरऐवजी टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप' भागात जाऊन, लॅपटॉप सुरू होताच चालू होणारे जे प्रोग्राम आपण रोज वापरत नाही ते 'डिसेबल' करा. त्याने प्रोग्राम काढला जात नाही, नको तेव्हा जागा होत नाही इतकेच. डिस्कवर पंधरा-वीस टक्के जागा मोकळी असू द्या. एसएसडी असेल तर बाहेरचा डिफ्रॅग चालवू नका, तिची निगा विंडोज आपली आपण राखते.

राहिले रोज बंद करणे. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूखाली 'अप टाइम' असते, ते पहा. रोज बंद करूनही तिथे वीस-बावीस दिवस दिसले तर चकित होऊ नका. 'फास्ट स्टार्टअप' या सोयीमुळे 'शट डाउन' केल्यावर विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा जपला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच परत येतो, त्यामुळे कुठल्या ड्रायव्हरने धरून ठेवलेली मेमरीही तशीच राहते. आठवड्यातून एकदा 'रीस्टार्ट' दिल्यास सगळे खरोखर नव्याने सुरू होते.

प्रश्न : आई-वडील नाशिकला असतात, मी दुबईत. त्यांच्या लॅपटॉपवर विंडोज १० आहे आणि विंडोज ११ चालणार नाही असा संदेश येतो. लॅपटॉप हळू झाला आहे, पण मोडलेला नाही. इथून त्यांना काय सांगू? लिनक्स घालून दिले तर जमेल का?
— एक वाचक, दुबई

उत्तर : विंडोज १० चा मोफत सुरक्षा पुरवठा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. लॅपटॉप त्यामुळे बंद पडत नाही, हळूही होत नाही. नव्याने सापडलेल्या त्रुटी बुजवल्या जात नाहीत, एवढेच, आणि बँकेचे व्यवहार त्यावर होत असतील तर एवढेही पुष्कळ आहे. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने वाढीव सुरक्षा अपडेटची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवली आहे. त्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉग-इन करून 'विंडोज अपडेट'मधून नोंदणी करावी लागते. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. टीपीएम असूनही काही लॅपटॉपमध्ये बायोसमधून, म्हणजे विंडोजआधी चालणाऱ्या मूळ सेटिंगमधून, बंद ठेवलेले असते, म्हणून प्रोसेसर आठव्या पिढीचा असेल तर आधी ते पहावे. सहाव्या-सातव्या पिढीच्या यंत्रावर अटी चुकवून विंडोज ११ चढवण्याच्या क्लृप्त्या आहेत, पण पुढे एखादे मोठे अपडेट अडले तर दुबईतून ते सोडवत बसावे लागेल. आई-वडिलांच्या लॅपटॉपवर मी ते करणार नाही.

लिनक्सविषयी, म्हणजे विंडोजच्या जागी बसवता येणाऱ्या विनामूल्य प्रणालीविषयी, आपला विचार रास्त आहे. लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती ४ जीबी रॅमवर नीट चालते आणि मिंट २२ च्या मालिकेला एप्रिल २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत. पेन ड्राइव्हवर उतरवून, डिस्कला हात न लावता, ती आधी चालवून पाहता येते. पुढच्या सुट्टीत नाशिकला गेल्यावर तेवढे करावे आणि वाय-फाय, कॅमेरा, आवाज आणि मुख्य म्हणजे घरचा प्रिंटर चालतो का, हे आई-वडिलांना शेजारी बसवून पाहावे. ब्राउझर तोच असल्याने बँक, ईमेल आणि व्हिडिओ पाहणे यांत त्यांना फरक जाणवणार नाही. मराठी टंकलेखनासाठी इनस्क्रिप्टची मांडणी कीबोर्डच्या सेटिंगमध्येच मिळते, आणि उच्चारानुसार टंकणाऱ्यांसाठी आयबस या लिनक्सवरच्या टंकलेखन सोयीमध्ये फोनेटिक पर्याय घालता येतो; पण विंडोजवर ज्या सवयीने ते 'क्ष' किंवा 'ज्ञ' उमटवत होते ती कळ इथे वेगळी असू शकते, आणि ज्येष्ठ मंडळी कंटाळतात ती नेमकी अशा ठिकाणी. पहिल्या दिवशीच एका कागदावर अशा दहा-बारा जोडाक्षरांच्या कळा मोठ्या अक्षरात लिहून पडद्याशेजारी चिकटवाव्यात.

काही कामांसाठी मात्र लिनक्सचा नाद करू नये. वडील हिशेबासाठी टॅली वापरत असतील, डिजिटल सहीच्या टोकनने निविदा भरत असतील किंवा बायोमेट्रिक यंत्र जोडत असतील, तर ही साधने विंडोज गृहीत धरूनच बनवलेली असतात. तिथे विंडोज ११ चालणारा, नवा नाही तर कंपन्यांच्या वापरातून निघालेला, लॅपटॉप घेणे जास्त सोयीचे पडेल. आणि हळूपणाची तक्रार राहिलीच असेल तर सांगलीच्या पत्राला दिलेले उत्तर येथेही लागू आहे. फिरती डिस्क तशीच ठेवून लिनक्स घातले तरी ब्राउझर उघडायला तेवढाच वेळ लागतो.

प्रश्न : मुलीला शाळेसाठी घेतलेला छोटा लॅपटॉप आहे. २ जीबी रॅम, ३२ जीबी स्टोअरेज. 'जागा नाही' असा संदेश सतत येतो. एसएसडी बसेल का?
— पालक, रत्नागिरी

उत्तर : बहुधा बसणार नाही. अशा लॅपटॉपमध्ये स्टोअरेज ईएमएमसी प्रकारचे, म्हणजे एका लहान चिपच्या रूपात, असते आणि ते, तसेच रॅमही, मदरबोर्डवर थेट झाळलेले असते. ३२ जीबीमधली वीसेक जीबी विंडोजच घेते, अपडेट उतरायला जागा उरत नाही, अर्धवट उतरलेले अपडेट पुन्हा जागा अडवते आणि पुन्हा तोच संदेश येतो. फोटो आणि वह्यांचे पीडीएफ मेमरी कार्डवर हलवल्यास थोडे दिवस निभावेल. वर सांगितलेले लिनक्स मिंट २० जीबीत बसते आणि २ जीबी रॅम ही त्याची किमान अट आहे, त्यामुळे लेखन आणि एखाद-दुसरे पान उघडण्यापुरते ते चालू शकेल. ऑनलाइन वर्गाला मात्र ते पुरणार नाही. या यंत्रावर पैसे घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

निरुपयोगी ठरलेला लॅपटॉप भंगारवाल्याला वजनावर देण्याची पद्धत मात्र सोडावी. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार अशा वस्तू परत घेऊन त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर त्यासाठीची संपर्काची सोय असते. देण्यापूर्वी मुलीच्या खात्यातून 'लॉग आउट' करून 'रीसेट धिस पीसी'मधील 'रिमूव्ह एव्हरीथिंग' हा पर्याय आणि त्यात ड्राइव्ह पुसण्याचा उपपर्याय निवडावा. ईएमएमसी काढून ठेवता येत नसल्याने आपल्याकडे तेवढाच मार्ग आहे. ज्यांच्या लॅपटॉपमध्ये सुटी डिस्क आहे त्यांनी ती काढूनच घ्यावी.